चोर्ल्याच्या वाटेवरचा पाला

बेळगावहून गोव्यात उतरावयाचे तर वाटा अनेक आहेत. रामनगरवरून अनमोडचा घाट आहे, आंबोलीवरून सावंतवाडीत उतरणारा रस्ता आहे, आणि खानापूर तालुक्यातील दाट रान ओलांडून थेट साखळीस पोहोचविणारा चोर्ला घाट आहे. भाद्रपदाच्या आरंभी आम्ही ही तिसरी वाट धरली. धबधबे त्या दिवसांत भरात असतात हे खरे; परंतु आमच्या मनात एक वेगळाच विषय घोळत होता. कापल्या-खरचटल्यावर काय लावावे याची एक यादी आपल्या मराठी घरांतून तोंडपाठ असते, मग ते घर बेळगावात असो, बडोद्यास असो, की इंदुरास. हळद, मध, तूप, कोरफडीचा गर, जात्यादी तेल, आणि परसात जो उगवेल तो पाला. या यादीची कोणी कधी परीक्षा घेतली आहे काय, घेतली असल्यास ती कशी घेतात, आणि त्या परीक्षेस उतरणे म्हणजे नेमके काय, हे जाणून घ्यावे असे आम्हांस फार दिवस वाटत होते. बेळगाव ते माशेल या एका वाटेवर या प्रश्नाची बहुतेक सर्व अंगे भेटतात, म्हणून ही वाट.

आरंभ बेळगावातच झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००६ मध्ये येथे एक संशोधन केंद्र काढले. पारंपरिक औषधांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था म्हणून ते आता ओळखले जाते. आयुर्वेदाची, ॲलोपथीची, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयेही गावात आहेत. पश्चिमेस तासाभरावर सह्याद्रीचे रान आणि गावात प्रयोगशाळा, असा योग थोड्याच शहरांच्या वाट्यास येतो.

अशाच एका महाविद्यालयात आमच्या परिचयाचे एक प्राध्यापक आहेत. आमचा हेतू ऐकून त्यांनी कपाटातून आलेखकागदांचा एक जुना गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने काढलेले एकेक वेडेवाकडे वर्तुळ. पहिल्या दिवसाचे मोठे, चौथ्या दिवसाचे त्याहून लहान, आठव्या दिवसाचे अर्ध्यावर आलेले, आणि सोळाव्या दिवशी नुसता ठिपका.

"ही जखम," ते म्हणाले, "आणि ही तिची दैनंदिनी."

रीत अशी. पांढऱ्या उंदरास भूल देतात, पाठीवरचे केस काढतात आणि ठरलेल्या मापाचा, सुमारे पाचशे चौरस मिलिमीटरचा, त्वचेचा गोल तुकडा काढून घेतात. ठराविक दिवसांनी त्या उघड्या जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड गिरवायची, ती आलेखकागदावर उतरवायची आणि आतील चौकोन मोजायचे. जखमेवरची खपली कितव्या दिवशी आपोआप गळून पडली, तेही टिपून ठेवायचे. उंदरांचे गट पाडलेले असतात. एका गटास पाल्याचे मलम, दुसऱ्यास रुग्णालयात वापरतात तसले नायट्रोफुराझोन किंवा पोव्हिडोन आयोडीन, तिसऱ्यास ज्यात पाला कालवला तेच मलम परंतु पाल्यावाचून, आणि चौथ्यास काहीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा १९६० चा कायदा आहे. त्यानुसार अशा प्रत्येक प्रयोगास आधी समितीची अनुमती लागते, आणि किती उंदीर का लागणार याचे कारण लेखी द्यावे लागते. हे आम्ही मुद्दाम विचारून घेतले, कारण आमच्या मंडळींपैकी दोघींचे मन त्या वर्तुळांवरून उडून उंदरांकडे गेले होते.

"ज्याला काहीच लावत नाही, त्या उंदराचे काय होते?" आम्ही विचारले.

"त्याचीही जखम भरून येते," प्राध्यापक शांतपणे म्हणाले.

या एका वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थबकलो. प्रकृती ठीक असलेल्या मनुष्याची लहानसहान जखम आपली आपणच भरते. हळद लावली तरी भरते, टूथपेस्ट लावली तरी बहुधा भरते, आणि काही न लावता स्वच्छ धुऊन ठेवली तरी भरते. मग शेवटी जे लावले असेल ते श्रेय घेऊन जाते. आजीच्या हातच्या पाल्याने नातवाचा गुडघा आठ दिवसांत बरा झाला, ही साक्ष खोटी नसते. परंतु पाला न बांधलेला तोच गुडघा किती दिवसांत बरा झाला असता, हे त्या साक्षीत नसते. प्रयोगशाळेतील चौथा गट म्हणजे तो न बांधलेला गुडघा.

तिसऱ्या गटाचे महत्त्व त्याहून सूक्ष्म आहे. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखविले, की कोरडी खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरते. आता ओला पाला वाटून बांधला की जखम झाकली जाते आणि ओलसरही राहते. तेव्हा लाभ झालाच तर तो पाल्यातील गुणाचा की नुसत्या ओलाव्याचा? पाल्यावाचूनचे मलम लावलेले उंदीर या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असतात. आपल्या वर्तमानपत्रांतून "अमुक वनस्पती जखमेवर गुणकारी" अशा ओळी येतात, तेव्हा या दोन गटांची चौकशी कोणी करीत नाही.

दुसरी परीक्षा आम्हांस अधिक गमतीची वाटली. येथे त्वचेचा तुकडा काढत नाहीत. सरळ चीर देऊन टाके घालतात, आठवड्याने टाके काढतात, आणि दहाव्या दिवशी पुन्हा भूल देऊन ती सांधलेली चीर किती ताण सोसते ते पाहतात. चिरेची एक कड खिळवून ठेवायची, दुसरीस दोरा बांधून तो कप्पीवरून खाली सोडायचा आणि टोकाला रिकामी बाटली टांगायची. मग बाटलीत संथ धारेने पाणी सोडायचे. सांधा उकलू लागला की पाणी तत्काळ बंद. बाटलीत जितके ग्रॅम पाणी, तितकी त्या सांध्याची ताकद. विहिरीवरच्या रहाटाची आठवण करून देणारे हे साधन आता काही ठिकाणी विजेच्या यंत्राने मागे टाकले आहे. पण त्यामागील विचार तोच. जखम मिटलेली दिसणे आणि ती मजबूत होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या बाटलीइतके स्पष्ट कोणी सांगितले नसेल. याखेरीज हायड्रॉक्सिप्रोलीन नावाचे एक द्रव्य मोजतात. नव्या मांसाला बळकटी देणारे जे कोलॅजेनचे धागे, त्यांत ते विपुल असते. म्हणून ते मोजले की धागे किती विणले गेले याचा अदमास येतो.

निघताना प्राध्यापकांनी आम्हांस आपण होऊन एक इशारा दिला. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम बटव्याचे तोंड आवळावे तशी आकसून मिटते. मनुष्याची त्वचा बहुतेक ठिकाणी खालच्या भागास घट्ट चिकटलेली असल्याने आपल्याला नवे मांस आणि नवी त्वचा घडवावी लागते. तेव्हा उंदरावर उतरलेले मलम माणसावर उतरेलच असे नाही. "आमचे काम पहिल्या पायरीचे," ते म्हणाले. "पुष्कळ पाले या पायरीवरच बसून राहतात. वर कोणी नेत नाही." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, तरी गठ्ठा परत कपाटात ठेवताना त्यांनी तो जरा जास्तच जपून ठेवला असे आम्हांस वाटले.

बेळगाव सोडून जांबोटीच्या दिशेने निघालो की भाताची खाचरे मागे पडत जातात आणि रस्ता हळूहळू झाडीत शिरतो. जांबोटीच्या अलीकडे एका वाडीवर एक वृद्ध बाई जखमेवर पाला देतात, असे आम्हांस कळले होते. शेणाने सारवलेले अंगण, पागोळ्यांखाली लावलेली भांडी, आणि ओसरीवर शेंगा फोडीत बसलेल्या त्या. वाडीतील सर्वजण त्यांना मावशी म्हणतात. आम्हीही तेच संबोधन घेतले. कोणता पाला देता, असे विचारताच त्यांनी शेंगांची परडी बाजूस सारली, अंगणाच्या कडेला वाकून एक रोप उपटले आणि आमच्या हातावर ठेवले. दातेरी, खरखरीत पाने, जमिनीसरपट पसरलेली फांदी, आणि लांब एकट्या दांडीवर पिवळ्या मध्याचे बारीक फूल.

हे रोप वाचकांनी शेकडो वेळा पायदळी तुडविले असेल. कोणी त्याला एकदांडी म्हणतात, कोणी दगडी पाला, कोणी कंबरमोडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. रस्त्याच्या कडेस, रेल्वेच्या रुळांत, गच्चीच्या भेगेत ते सारख्याच आनंदाने उगवते. शेतात विळा लागला की पाला चुरगळून रस पिळायचा, हा उपाय दख्खनपासून कोकणापर्यंत सर्वांना ठाऊक आहे, आणि ऐकणाऱ्यास तो वेदकाळापासून चालत आला असावा असेच वाटते. वस्तुस्थिती अशी, की हे रोप मूळचे मध्य अमेरिकेचे आहे. मिरची, बटाटा, पेरू यांच्याप्रमाणेच समुद्र ओलांडून आलेले. सुश्रुताने ते पाहिले असणे शक्य नाही. म्हणजे हा उपाय ग्रंथांतून उतरलेला नसून गेल्या काही शतकांत शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी आणि अशाच मावशींनी स्वतः पारखून घेतलेला आहे. आम्हांस तर त्यामुळे त्याविषयी आदर अधिकच वाटला. परंपरा म्हणजे केवळ जतन करणे, असे आपण समजतो. येथे ती नव्या पाहुण्याची परीक्षा घेताना दिसते.

प्रयोगशाळांनीही या रोपाकडे बऱ्यापैकी लक्ष दिले आहे. १९८३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी अँड फार्माकॉलॉजी' या नियतकालिकात दिवाण, टिल्लू व कुलकर्णी यांचा एक निबंध आला. आडनावे ऐकूनच आमच्या वाचकांचे कान टवकारतील. स्टेरॉइड जातीच्या औषधांनी जखम भरण्याची क्रिया मंदावते. अशी मंदावलेली जखम या पाल्याने सावरते काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चांगला आहे, कारण निरोगी शरीराची जखम तशीही भरते, हे आपण पाहिलेच. परीक्षा घ्यावयाची ती अडलेल्या जखमेवर.

मावशींना यातले काही ठाऊक नव्हते. परंतु अडलेल्या जखमेविषयी त्यांचे स्वतःचे एक शास्त्र होते. आम्ही बसलो असतानाच पायाच्या अंगठ्याला फडके गुंडाळलेला एक मध्यमवयीन गृहस्थ लंगडत अंगणात आला. मावशींनी फडके सोडविले, अंगठा निरखला, वास घेतला, आणि पाल्याकडे हात न नेता विचारले,

"साखर हाय काय रे तुला?"

"हाय की, मावशी. गोळी खातो."

"दुखतंय?"

"न्हाई. दुखत काय न्हाई."

"मग माझा पाला न्हाई तुला. ही वरनं बुजती आन् आतनं चरती. दुखत न्हाई म्हंतोस, तेच वाईट. खानापूरला दवाखान्यात जा. उद्या नव्हं, आज जा."

त्याने बराच आग्रह केला. एवढ्या लांबून आलो, बस चुकेल, निदान चार दिवस बांधून पाहू, असे तो म्हणत होता. मावशी बधल्या नाहीत. शेवटी आमच्याच गाडीतील एकाने त्यास खानापुरास नेऊन सोडले, आणि आमचे जांबोटीतील वास्तव्य दोन तासांनी लांबले. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा उणावतो, आणि दुखत नाही म्हणून दुर्लक्षिलेली जखम पाय कापण्यापर्यंत नेते. हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. मावशींनी ते अनुभवाने ओळखले होते. कोणाला पाला द्यावयाचा नाही, याची त्यांची यादी मोठी होती: साखरवाला, कुत्रे चावलेला, गंजक्या खिळ्याने खोल टोचलेला, आणि तीन दिवसांत ठणका न उतरलेला. शेण किंवा माती जखमेला लावणाऱ्याला तर त्या दारात उभे करीत नाहीत. नवजात बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या चालीने या देशात धनुर्वाताने किती बालके दगावली असतील याची गणती नाही. मातांना लस आणि स्वच्छ बाळंतपण यांचा प्रसार झाल्यावर २०१५ मध्ये माता व नवजातांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

आम्ही वनस्पतींवर लिहिलेली बरीच पुस्तके चाळली आहेत. त्यांत काय लावावे ते पानोपानी असते. केव्हा लावू नये ते क्वचितच आढळते. बिब्ब्याने अंगावर फोड उठतात हे घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते, पण छापील औषधी संग्रहात त्याचा नुसता गुणच नोंदलेला असतो. जात्यादी तेलात जाईच्या व निंबाच्या पाल्याबरोबर मोरचूदही पडतो, हे बाटली विकत घेणाऱ्या किती जणांस माहीत असते?

नावांचा घोळ हा आणखी एक प्रकार. मावशींच्या न्हाणीघराच्या सांडपाण्यावर गोल, कातरलेल्या कडेची लहान पाने पसरली होती. आमच्यापैकी एकीने ती ब्राह्मी म्हणून ओळखली. दुसऱ्या एकाने ठामपणे सांगितले, की ब्राह्मीची पाने बारीक व मांसल असतात. दोघांचेही खरे होते, कारण दोन सर्वस्वी भिन्न वनस्पती ब्राह्मी या एकाच नावाने विकल्या जातात. गोल पानांची ती मंडूकपर्णी. मादागास्कर बेटावर कुष्ठरोग्यांच्या व्रणांसाठी हिचा अभ्यास करणाऱ्या फ्रेंच संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तिच्यातील एशियाटिकोसाइड या द्रव्याकडे जगाचे लक्ष वेधले, आणि तिच्या अर्काची मलमे युरोपात औषध म्हणून विकली गेली. बारीक पानांच्या दुसऱ्या ब्राह्मीत हे द्रव्य नाही. तेव्हा "ब्राह्मीचा प्रयोग यशस्वी" असे कोणी म्हटले तर पहिला प्रश्न हवा: कोणत्या? चांगल्या प्रयोगशाळा याचसाठी प्रत्येक वनस्पतीचा वाळविलेला नमुना, गाव व दिनांक घालून, जपून ठेवतात.

जांबोटी सोडल्यावर कणकुंबीपर्यंत पाऊस आमच्या सोबतीस होता. मलप्रभा येथे उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीस जाते. याच तालुक्यात उगवणारी म्हादई पश्चिमेस वळून गोव्याची मांडवी होते. या पाण्यावरून राज्याराज्यांत चाललेला तंटा वाचकांस ठाऊक आहे. त्याची चर्चा येथे नको. माउलीच्या देवळापाशी चहा घेऊन आम्ही पुढे निघालो.

घाटाच्या तोंडाशी, जेथे कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा यांच्या सीमा एकमेकींस बिलगतात, तेथे रस्त्याच्या दोन्ही अंगांस रानमोडीचे रान माजले आहे. हीही अमेरिकेचीच पाहुणी. पण दगडी पाल्यासारखी सोशीक नव्हे. नावाप्रमाणे रान मोडते, खाली गवत उगवू देत नाही, गुरे तिला तोंड लावीत नाहीत. वनखाते तिला उपटून थकले आहे. मात्र हिच्याच पाल्याचा अर्क व्हिएतनामी डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांसाठी वापरला, यूपोलिन या नावाने त्याचे औषध केले, आणि पुढे प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींवर त्याची तपासणीही केली. आपल्याकडे ज्याला शिवी देतात त्याला दुसरीकडे बाटलीत भरतात. अर्थात एवढ्यावरून कोणी वाटेत उतरून रानमोडी जखमेला चोळू नये. आमच्या चालकाने तसा विचार बोलून दाखविला, म्हणून हे लिहून ठेवतो.

घाट उतरला की हवा बदलते. धुके मागे राहते आणि साखळीच्या अलीकडे कुळागरे लागतात: वर माड-पोफळी, मधे केळी, पोफळीवर चढलेले मिरवेल, आणि तळाशी सावलीत रुंद पानांची हळद. श्रावणात या पानांत पातोळ्या उकडतात. साखळीहून माशेल जवळच.

माशेल हे गाव देवकीकृष्णाचे. बाळकृष्णास कडेवर घेतलेल्या देवकीची येथील मूर्ती पोर्तुगीजांच्या काळात चोडण बेटावरून हलविलेली. आषाढात देवळापुढच्या मैदानात चिखलकाला होतो, तेव्हा सारा गाव चिखलात लोळतो. आम्ही गेलो तेव्हा मैदान हिरवे आणि रिकामे होते. आम्हांस येथे ओढून आणले होते ते गावाशी जोडलेल्या एका नावाने. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म १९४३ मध्ये या गावी झाला. १९९५ मध्ये ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याचे एकस्व मिळाले होते. अर्ज करणारे दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे होते, ही त्यातील एक बोचरी गंमत. परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते एकस्व नामंजूर झाले.

ही कथा आपल्याकडे विजयगाथा म्हणून सांगतात, आणि विजय होताच. परंतु तो कशाच्या बळावर मिळाला, हे नीट पाहावे. कोट्यवधी घरांतील हळदीचे डबे पुरावा म्हणून चालले नाहीत. परिषदेने छापील व लिखित असे ३२ आधार दाखल केले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ होते, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला एक निबंधही होता. आजीचे म्हणणे कागदावर उतरले होते म्हणून टिकले. जांबोटीच्या मावशींची 'कोणाला पाला द्यावयाचा नाही' ही यादी मात्र कोठेही लिहिलेली नाही. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले, त्यामागे हाच धडा होता. गोव्याच्या भूमीत तो अगदीच नवा नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये येथे आला आणि इकडील औषधी वनस्पतींवरचे त्याचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र उरला. पणजीतील एका उद्यानास त्याचे नाव आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती अभिमानाच्या भरात निसटते. एकस्व रद्द झाले ते हळदीचा हा उपयोग जुना आहे म्हणून. तो खरा आहे की नाही, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हताच. जुने असणे आणि खरे असणे यांची गल्लत आपण त्या दिवसापासून करीत आलो आहोत. हळदीतील कर्क्युमिन या द्रव्यावर हजारो निबंध प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री' मध्ये त्यांचा कठोर आढावा आला. हे द्रव्य अस्थिर आहे, पोटातून रक्तात जेमतेम पोहोचते, आणि प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांत ते गुण नसताही गुण असल्याचा आभास निर्माण करते, असे त्या आढाव्याचे म्हणणे. म्हणजे हळद निरुपयोगी ठरली असे नव्हे. ज्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली असे आपण समजत होतो, ती परीक्षाच काही ठिकाणी सदोष होती, एवढाच त्याचा अर्थ.

याउलट मधाचे पाहा. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यांत मध आणि तूप वारंवार येतात. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुब्रह्मण्यम् यांनी मधाची परीक्षा उंदरांवर न थांबता भाजलेल्या १०४ रुग्णांवर घेतली. निम्म्यांना मध, निम्म्यांना रूढ सिल्व्हर सल्फाडायझिन. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार मध लावलेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या जखमा पंधरा दिवसांत भरल्या, दुसऱ्या गटात केवळ १० टक्के. इतकी मोठी तफावत पाहून आमच्यासारख्या सामान्यांच्याही भुवया उंचावतात. पण नंतर जगभरच्या प्रयोगांचा जो एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला, त्यानेही वरवर भाजलेल्या जखमा मधाने काही दिवस लवकर भरतात, असाच निर्वाळा दिला. क्षारसूत्राचेही तसेच. हळद, निवडुंगाचा चीक व आघाड्याचा क्षार यांची पुटे दिलेल्या या दोऱ्याचे भगंदरावरील उपचार काशीच्या विद्यापीठात डॉ. देशपांडे यांनी पुन्हा प्रचारात आणले. १९९१ च्या बहुकेंद्रीय चाचणीत दोरा आणि शस्त्रक्रिया यांची गाठ घातली, तेव्हा दोऱ्याने बरे होण्यास आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. मात्र रोग उलटण्याचे प्रमाण दोऱ्यात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. हे निकाल आम्हांस फार आवडतात, कारण त्यांत कोणाचाही संपूर्ण जय नाही.

माशेलहून परतताना साखळीजवळच्या एका कुळागरात आम्ही थांबलो. मालक वयस्क, अगत्यशील. भोजनास केळीची पाने मांडली गेली, आणि आम्ही त्यांना सांगितले, की मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी हेच पान भाजलेल्या जखमांवर पट्टी म्हणून वापरून पाहिले, आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात कोणताही गूढ गुण शोधलेला नाही. पान गुळगुळीत, मेणचट; ते ओल्या जखमेस चिकटत नाही. व्हॅसलीनची जाळी काढताना रुग्ण कळवळतो तसा पान काढताना कळवळत नाही, आणि खर्च तर नाममात्र. त्याआधी १९८५ मध्ये वाडिया रुग्णालयातून उकडलेल्या बटाट्याच्या सालींचा असाच प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्याच्याशी तुलना करता पान तितकेच गुणकारी आणि हाताळण्यास सोपे ठरले.

मालकांनी हातातील पानाचा शेंडा बोटांनी चाचपला. "आमची आई भाजल्यावर केळीचे पानच घालायची," ते म्हणाले. "त्यात नवल ते काय? रुग्णालयात निराळे काय करतात?"

"पान वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करतात. मगच जखमेवर ठेवतात."

ते क्षणभर थांबले. "ते मात्र आई करीत नव्हती," असे म्हणून त्यांनी वाढप्यास भात आणण्याची खूण केली.